मुंबई बघायची आणि नाटकंही बघायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सांगलीकडून दर सुट्टीत कोणी ना कोणी फोन करतंच, "मुंबईला चाललोय, दोन-तीन नाटकं पण बघायचीत, कसं जमवू?" आणि मग मी तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत बसते. म्हणून एकदाचं लिहूनच टाकलं. मॉल, वॉटर पार्क, हिरो-हिरॉइनींचे बंगले यातलं इथे काही मिळणार नाही.

आधी काय ठरवायचं? गाडीचं रिझर्व्हेशन, हॉटेल, की नाटक?

नाटक. मग हॉटेल, मग गाडी. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात, आधी तिकिटं काढतात, हॉटेल बुक करतात आणि मुंबईत उतरल्यावर पेपर उघडून बघतात की आज काय आहे, आणि तेव्हा कळतं की जे बघायचंय त्याचा प्रयोग काल ठाण्याला झाला आणि पुढचा थेट पुढच्या रविवारी पुण्यात. गेटवे १९२४ पासून तिथेच उभं आहे, ते कुठे पळत नाही. मराठी नाटक मात्र एका जागी बसत नाही. परदेशात कसं, एकच नाटक एकाच थिएटरात वर्षानुवर्षं चालतं, आपल्याकडे सेट टेम्पोत घालून आज दादर, उद्या पार्ले, परवा कल्याण. म्हणजे नाट्यगृह ठरवून नाटक शोधायचं नसतं, नाटक ठरवून ते कुठल्या दिवशी कुठे लागतंय ते शोधायचं असतं.

प्रयोग कुठे लागलाय ते कळतं कुठून?

पेपरमधल्या नाटकांच्या जाहिराती अजून येतात, शनिवार-रविवारच्या अंकात तर भरपूर. बुकमायशो आणि तिकिटालय या अ‍ॅपवर तारीख टाकली की यादी येते. नाटकाच्या संस्थेचं किंवा त्यातल्या कलाकारांचं सोशल मीडिया फॉलो करा, पुढच्या महिन्याच्या तारखा तिथे लवकर कळतात. आणि नाट्यगृहाची बुकिंगची खिडकी आहेच. घरातली मोठी माणसं अजून खिडकीवरच जातात, समोरचा माणूस सीटचा प्लॅन पुढे करतो आणि ती बोट ठेवून "ही कोपऱ्याची नको, ही द्या" म्हणतात, ते सुख अ‍ॅपवर नाही. खिडकीची वेळ मात्र आधी फोनवर विचारून घ्या, दिवसभर उघडी नसते.

कुठल्या वारी जावं?

शुक्रवार दुपार ते रविवार रात्र, मध्ये एखादी जोडसुट्टी आली तर सोन्याहून पिवळं. आठवड्याच्या मधल्या वारांना व्यावसायिक नाटकांचे प्रयोग कमी असतात. रविवारी सकाळी अकराचा, दुपारी चारच्या आसपासचा आणि रात्री आठ-साडेआठचा असे तीन-तीन प्रयोग शहरभर असतात. गणपतीच्या दिवसांत प्रयोग कमी होतात, पण तेव्हा मुंबई बघायला येणाऱ्यांचं कारणच वेगळं असतं.

एका दिवशी दोन नाटकं बघावीत का?

बघता येतात, बघू नका. दुपारचं सुटायला साडेसहा-सात होतात, मग धावत दुसऱ्या नाट्यगृहात, पोटात काही नाही, आणि रात्री झोपताना पहिल्या नाटकातली सासू दुसऱ्या नाटकात घुसलेली असते. एका दिवशी एक नाटक आणि एक भाग, बास. माझा साधा नियम आहे, सकाळी शहर, दुपारी आडवं व्हायचं, संध्याकाळी नाटक. दुपारची झोप टाळून फिरलेली माणसं दुसऱ्या अंकात घोरतात, तेही एसीत, तिकीट काढून.

राहायचं कुठे?

दादर किंवा माटुंगा. लोक हौसेने कुलाब्यात राहतात, समुद्र दिसतो म्हणून, आणि मग रोज नाटकासाठी उत्तरेकडे जातात. दादरला पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे मिळतात, म्हणजे पार्ले-बोरिवली पण आणि ठाणे-मुलुंड-डोंबिवली पण एका गाडीत. शिवाजी मंदिर नाट्यगृह चालत. शिवाजी पार्कचा कट्टा चालत. हॉटेलं साधी आहेत, खोल्या लहान, खिडकीतून समोरच्याची खिडकी, पण तुम्ही खोलीत बसायला थोडेच आलात. बाहेरगावच्या बऱ्याच गाड्या दादरला थांबतात, आपली थांबते का बघा, उगाच सीएसएमटीपर्यंत जाऊन बॅगा घेऊन परत येण्यात अर्थ नाही.

कुठलं नाट्यगृह कुठे आहे? नावं ऐकून सगळी सारखीच वाटतात.

सारखी अजिबात नाहीत. दादर पश्चिमेला प्लाझासमोर श्री शिवाजी मंदिर, १९६५ चं, मराठी व्यावसायिक नाटकाचं मुख्य घर म्हणा. खाली दुकानं, फेरीवाले, फुलांचा वास, हॉर्न, आणि त्यातूनच जिना चढून वर गेलं की थिएटर. माटुंग्याला यशवंत नाट्य मंदिर, ते नाट्य परिषदेचं, माटुंगा रोड स्टेशनवरून जवळ. प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिर, सिद्धिविनायकाच्या जवळ, त्यामुळे दर्शन आणि नाटक एका फेरीत होतं, आईला खूश करायला हे उत्तम. पार्ले पूर्वेला दीनानाथ, बोरिवली पश्चिमेला प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडला कालिदास. ठाण्यात गडकरी रंगायतन, मासुंदा तलावाच्या काठी, आणि दुसरं काशिनाथ घाणेकर, ही दोन वेगळी आहेत आणि एकमेकांपासून लांब आहेत, रिक्षावाल्याला नीट पूर्ण नाव सांगा. डोंबिवलीला सावित्रीबाई फुले, कल्याणला आचार्य अत्रे, वाशीला विष्णुदास भावे. शेवटचं नाव वाचून सांगलीकराची छाती फुगते, साहजिक आहे. ५ नोव्हेंबर १८४३ ला भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून तर मराठी रंगभूमी दिन त्या तारखेला असतो.

यातलं एखादं नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद असणं हे मुंबईत कायमचंच, त्यामुळे मागच्या वेळी गेलो होतो तेव्हा तिथे होतं या भरवशावर राहू नका.

तिकीट कितीचं आणि सीट कुठली घ्यावी?

व्यावसायिक मराठी नाटकाचं पुढचं तिकीट साधारण ३०० ते ५०० रुपये, बाल्कनी त्याहून स्वस्त. अगदी पहिल्या दोन रांगांसाठी भांडू नका, मान वर करून बघावं लागतं आणि कलाकाराच्या पायातल्या चपला जास्त दिसतात. चौथ्या रांगेपासून आठव्यापर्यंत मधल्या सीट मिळाल्या तर घ्या. कडेची सीट असेल तर रंगमंचाच्या बाजूला विंगेतला माणूस दिसतो, प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, हातात घेऊन उभा, आणि एकदा तो दिसला की नजर सारखी तिकडेच जाते. विनोदी नाटकाला बाल्कनी चालते, कारण हशा खालून वर येतो. दोन पात्रांचं शांत, डोळ्यांनी बोलणारं नाटक असेल तर शंभर रुपये जास्त गेले तरी खालीच बसा.

सकाळी मुंबईत काय बघायचं? आमच्याकडे दोन सकाळी आहेत.

मग एक सकाळ फोर्टला आणि एक गिरगावला द्या.

फोर्टची सुरुवात सीएसएमटीपासून. पण रस्त्याच्या पलीकडून, महापालिकेच्या बाजूने बघा, आत उभं राहून काही कळत नाही. १८७८ ला काम सुरू झालं, दहाएक वर्षं चाललं, फ्रेडरिक स्टीव्हन्स हा आर्किटेक्ट, २००४ पासून जागतिक वारसा. फाटकाच्या खांबांवर बघा, एकावर सिंह आणि एकावर वाघ बसलाय, सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला. भिंतींवर मोर, माकडं, पानंफुलं, दगडातून डोकावणारे चेहरे, आणि खालून माणसं डबा धरून पळतायत, कोणी वर बघत नाही. तुम्ही बघा, सुट्टीवर आहात.

तिथून दादाभाई नौरोजी रोडने चालत हुतात्मा चौक, मग ओव्हल मैदान. मैदानाच्या मध्ये उभं राहायचं. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं टोकदार गॉथिक, आणि पाठ फिरवली की दुसऱ्या बाजूला गोल कोपऱ्यांच्या, रंगीत, आर्ट डेको बिल्डिंगींची रांग. मध्ये पोरं क्रिकेट खेळतायत. या दोन्ही बाजू मिळून २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या. तिकीट नाही, रांग नाही, गाइड नाही, आणि तरी लोक हे सोडून सेल्फी काढायला दुसरीकडे जातात. राजाबाई टॉवरचा पैसा प्रेमचंद रायचंदांनी दिला आणि आईचं नाव लावलं, तो १८७८ मध्ये पूर्ण झाला.

मग काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. संग्रहालय सगळं बघायचा हट्ट धरला तर संध्याकाळच्या नाटकाला पाय सुजतील, मूर्तींचं दालन आणि लघुचित्रं बघा आणि बाहेर पडा. गेटवे शेवटी. संग्रहालय आणि गेटवे दोन्ही एकाच माणसाने डिझाइन केलीत, जॉर्ज विटेट, हे माहीत असलं की दोन्हीकडे काहीतरी ओळखीचं सापडायला लागतं.

आणि गिरगावात काय आहे बघण्यासारखं?

नाटकवेड्या माणसाने तर गेटवे सोडून गिरगाव बघावं असं मी म्हणेन. मराठी नाटक मुंबईत मोठं झालं ते याच पट्ट्यात. १८४६ मध्ये ग्रँट रोडला नाट्यगृह उभं राहिलं, जागा नाना शंकरशेटांची, आणि १८५३ मध्ये विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन तिथे आले. सांगलीहून मुंबई म्हणजे तेव्हा बैलगाड्या, घाट, पडवीत मुक्काम, आणि आपण महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये झोपून जातो आणि एसी चालत नाही म्हणून तक्रार करतो. ते नाट्यगृह आता नाही.

चर्नी रोडला उतरा. जवळच रॉयल ऑपेरा हाऊस, १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं, पुढे सिनेमाचं थिएटर झालं, १९९३ ला बंद पडलं आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. तिथे काही कार्यक्रम असला तर तिकीट काढून आत जा, नुसती इमारत बघायला पण परवडतं. केळेवाडीत साहित्य संघाचं नाट्यगृह आहे. साहित्य संघ १९३५ चा, आणि पडत्या काळात नाटक टिकवून धरणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव घ्यावंच लागतं. आता तिथे पूर्वीइतके व्यावसायिक प्रयोग होत नाहीत, पण राज्य नाट्य स्पर्धा चालू असेल तर जरूर डोकवा, नाममात्र तिकीट, नट सगळे नोकरी करून तालीम करणारे, आणि मधूनच असं काहीतरी दिसतं की व्यावसायिकवाल्यांनी बघून जावं.

मग खोताची वाडी, लाकडी गॅलऱ्यांची जुनी घरं, ज्यात माणसं राहतात, म्हणून आवाज कमी आणि खिडकीत डोकावून फोटो काढणं बंद. केशवजी नाईकांची चाळ, मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ मध्ये तिथे बसला. भूक लागली की विनयमध्ये मिसळ. आणि परत जाताना चौपाटी, ती उन्हात नको.

घारापुरीची (एलिफंटाची) लेणी बघून दुपारचं नाटक गाठता येईल का?

नाही. लाँचला एका बाजूने तासभर, वर शंभर-सव्वाशे पायऱ्या, परतीच्या बोटीची रांग, दिवस त्यातच जातो. रात्रीचा प्रयोग असेल तर सकाळची पहिली-दुसरी लाँच पकडून जमतं. सोमवारी बंद असतं. सदाशिवाची तीन मुखांची मूर्ती वीसेक फुटांची आहे, अंधारात आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही, मोबाईलचा टॉर्च न मारता दोन मिनिटं उभे राहा, मग मधला चेहरा हळूहळू पुढे येतो, डोळे मिटलेला. रंगमंचावरचा प्रकाश करणाऱ्या माणसाने हे बघायला पाहिजे. जेट्टीवर माकडं आहेत, वेफर्सचं पाकीट पिशवीत ठेवा. लाइफ जॅकेट दिलं की घाला, फोटो खराब येतो म्हणून काढू नका.

पृथ्वी थिएटरचं एवढं नाव ऐकलंय, जावं का?

जावं, पण वेगळं आहे हे माहीत असू द्या. जुहूला आहे, स्टेशनवरून रिक्षा करायची. दोनेकशे लोकांचं छोटं थिएटर, प्रेक्षक तीन बाजूंनी, पहिल्या रांगेत पाय पसरले तर ते रंगमंचावरच जातात. शशी आणि जेनिफर कपूर यांनी ते सुरू केलं ५ नोव्हेंबर १९७८ ला, म्हणजे तारीख पुन्हा तीच, आपल्या रंगभूमी दिनाची. नाटकं जास्त करून हिंदी-इंग्रजी, मधून मधून मराठी. तिकिटावर सीट नंबर नसतो, जो आधी रांगेत तो आधी आत. आणि उशीर झाला तर आत सोडतच नाहीत, तुम्ही कोण, कुठून आलात, ट्रॅफिक किती होता, काही ऐकत नाहीत, आणि मला हे फार आवडतं. सोमवारी प्रयोग नसतात.

प्रायोगिकची गोडी असेल तर नरिमन पॉइंटला एनसीपीए हे कलाकेंद्र आहे, त्यांचा प्रतिबिंब हा मराठी नाट्यमहोत्सव त्या सुमारास असला तर तुमचं नशीब.

बीकेसीत नवीन मोठं थिएटर झालंय म्हणतात, तिथे?

अंबानींचं सेंटर, २०२३ चं, मोठ्या थिएटरात २००० खुर्च्या. परदेशी म्युझिकल वगैरे येतात, सेट आणि साउंड बघून डोळे दिपतात. तिकिटाच्या पैशात मात्र आपलं अख्खं कुटुंब शिवाजी मंदिरात नाटक बघून वर जेवून येतं. एकदा बघायला हरकत नाही.

मध्यंतरात काय खायचं?

बटाटेवडा. हा प्रश्न विचारणारा माणूस नाट्यगृहात कधी गेलेलाच नाही असं समजावं. पहिला अंक संपत आला की मागून तळणीचा वास यायला लागतो आणि अर्ध्या लोकांचं लक्ष उडतं. पडदा पडून दिवे लागले की जाणकार माणसं टाळ्या वाजवत वाजवतच उठलेली असतात. घरातल्या एकाला काउंटरला पाठवा, एकाला बाथरूमच्या रांगेत, वडा गरम असतो, चटणी कागदावर ओघळते, चहा छोट्या कपात, आणि दोन घोट झाले की घंटा. मध्यंतर म्हणायला दहा मिनिटांचं. वडा आत नेऊ देत नाहीत, आणि नेऊ नकाच.

बाकी पोटभर खायला दादरला आस्वाद आणि प्रकाश, माटुंगा पूर्वेला कॅफे मद्रास, तिथे रविवारी सकाळी रांग असते. फोर्ट बघाल त्या दिवशी ब्रिटानिया, १९२३ चं इराणी हॉटेल, ते फक्त दुपारी. मरीन लाइन्सला कयानीत बनमस्का. रात्रीच्या प्रयोगाआधी जड जेवू नका, दुसऱ्या अंकातल्या घोरण्याचं वर सांगितलंच.

लहान मुलं बरोबर आहेत, काय करू?

मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत येत असाल तर बालनाट्याचे सकाळचे प्रयोग शोधा. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर काढलं तेव्हापासून मुंबईत सुट्टी आणि बालनाट्य हे समीकरण आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या नाटकाला नेऊ नका, बिचारं अंधारात अडीच तास बसत नाही आणि मग त्याला चिप्स दिल्या जातात आणि त्या पाकिटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. काही नाट्यगृहांत काचेमागची वेगळी खोली असते रडणाऱ्या बाळांसाठी, आधी चौकशी करा. दिवसा मुलांना राणीची बाग, पेंग्विन आहेत, आणि आवारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ चं. दोन्ही बुधवारी बंद.

आजी-आजोबांना जिने चढवत नाहीत...

तिकीट काढताना लिफ्ट आहे का, चालू आहे का, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा. सीट कडेची घ्या, चुकून विंगेतला माणूस दिसला तर दिसला. शाल हवीच, एसी एकतर बंद नाहीतर बर्फ.

फिरायला लोकल की टॅक्सी?

लोकल, पण सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ बॅगा आणि मुलं घेऊन चढू नका. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्गांवरच्या गाड्या बंद, आदल्या दिवशीच कुठल्या मार्गावर किती ते किती आहे बघून ठेवा, नाहीतर अकराच्या प्रयोगाला निघालेली माणसं कुर्ल्याला फलाटावर उभी राहतात. तीन नंबरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पार कफ परेडपर्यंत जाते, सिद्धिविनायक, दादर, गिरगाव, हुतात्मा चौक सगळं तिच्यावर, एसी आहे, बसायला मिळतं, बाहेरगावच्या माणसाला याहून सोपं काही नाही. रिक्षा फक्त उपनगरात, दादर-फोर्टला रिक्षा शोधत बसू नका, तिथे काळी-पिवळी.

खरंच कलाकारांना आत जाऊन भेटता येतं?

येतं हो. ही मराठी नाटकाची सगळ्यात छान रीत आहे आणि बाहेरगावच्या कितीतरी लोकांना माहीतच नसते. पडदा पडला की बाजूच्या दाराने लोक आत जातात, विंगेतून मेकअप रूमकडे, आणि मघाशी रडवणारी बाई घामाने निथळत, अर्धा मेकअप पुसलेला, हातात चहा घेऊन उभी असते. मागे पोरं सेट उतरवत असतात, खिळे उपटल्याचा आवाज, सोफा उचलून टेम्पोकडे. वाटेत उभे राहू नका, ती माणसं घाईत असतात. दोन वाक्यं बोला, काय आवडलं ते नेमकं सांगा, "मस्त झालं" तर सगळेच म्हणतात. सेल्फी एकच. आणि टीव्हीवरच्या सिरियलचं पुढे काय होणार हे विचारू नका.

मोबाईल?

बंद. व्हायब्रेटवर नाही, बंद. प्रयोग थांबवून कलाकारांनी प्रेक्षकांना सुनावल्याच्या बातम्या वाचल्या असतीलच.

पावसाळ्यात यावं का?

नाटकासाठी हो, घारापुरीसाठी नाही. समुद्र खवळला की लाँच बंद होतात. मरीन ड्राइव्हला भरती बघायला मजा येते पण कठड्यावर चढू नका. पाणी तुंबून लोकल बंद पडल्या की प्रयोग रद्द होऊ शकतो, म्हणून पावसाळ्यात राहत्या भागातलंच नाट्यगृह निवडा.

प्रयोग रद्द झाला तर पैसे मिळतात?

मिळतात, किंवा पुढच्या तारखेचं तिकीट देतात. ऑनलाइन काढलं असेल तर परत खात्यात येतात, खिडकीवर काढलं असेल तर तिकीट फेकू नका, तेच दाखवावं लागतं. पुढची तारीख आपल्या काय कामाची, आपण तोवर सांगलीत, असं स्पष्ट सांगा.

रात्रीचं नाटक सुटल्यावर परत यायचं कसं?

साडेआठचं नाटक अकराच्या पुढेमागे सुटतं. लोकल मध्यरात्र उलटेपर्यंत असतात आणि त्या वेळी बसायलाही मिळतं. बायकांच्या डब्यात रात्री पोलीस असतो. बोरिवली-डोंबिवलीहून दादरला येत असाल तर परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा आणि कलाकारांना भेटायचं का ते त्यावर ठरवा.